हिरव्या गोटीचा सोडा

मंचरच्या बाजारात अजीजभाईंकडे दोनच सोडे मिळायचे, आणि त्यावरून गिऱ्हाइकांत दोन पक्ष पडले होते. मुळीचा सोडा उपळसरीचा. चंदनाच्या जवळपास जाणारा वास, पोटाला गार. सालीचा दालचिनीचा. जिभेला चटका, पोटात ऊब. मुळीच्या बाटलीत हिरवी गोटी, सालीच्या बाटलीत पांढरी. मुळीवाले म्हणत, सालीचा सोडा म्हणजे मसालेभाताला आलेला फेस. सालीवाले म्हणत, मुळीचा म्हणजे देव धुतलेलं पाणी. मुळीवाल्यांचे पुढारी सावळाराम अण्णा. ते दुपारी कांद्याच्या आडतीतून उठून येत आणि एका बाटलीवर तासभर सालीवाल्यांचा उद्धार करत.

मुळी आणायची तळेघरची सोनीबाई. यंदा ती आलीच नाही आणि जुनी मुळी संपली. गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून अजीजभाईंनी हिरव्या गोटीच्या बाटल्यांतही सालीचाच सोडा भरला, आणि कोण आधी बोंब मारतो याची वाट बघत बसले. कुणी ओरडलं तर तळेघर गाठायचं. कुणीच ओरडलं नाही तर मुळी कायमची बंद. मुळीचा आणि सालीचा अर्क उकळायच्या दोन कढया घासायचं त्यांचं वय आता राहिलं नव्हतं.

सावळाराम अण्णांनी पहिल्याच दिवशी बाटली संपवून समाधानाची ढेकर दिली. "मुळी ती मुळी, भाऊ. सालीला हा गारवा न्हाई."

अजीजभाईंना हसू आलं नाही. वडिलांपासून जपलेली चव अशी एका ढेकरेत निकालात निघाली होती. महिना गेला. बाकीचेही मिटक्या मारत राहिले.

मग एका दुपारी अण्णा छाती चोळत आले. पित्त खवळलं होतं. त्यांचा संशय सुनेच्या पोह्यांवर होता. म्हणाले, "मुळी गार असती. आजपासनं दोन देत जा."

धंद्याच्या दृष्टीनं हे झकासच होतं. अजीजभाईंनी दोन बाटल्या फोडल्या. जीभ महिनाभर गप्प बसली होती, तक्रार पोटानं केली होती, आणि माणूस त्यावर औषध म्हणून तीच साल पीत होता. संध्याकाळी त्यांनी बायकोला, गुलशनला सांगितलं, उद्या दुकान बंद.

तळेघरला एसटीतून उतरून पुढं बरंच चालावं लागलं. सोनीबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती.

"जागा दावते भाऊ," ती म्हणाली. "पर खणायचं तुमी. माजं गुडघं गेलं."

अजीजभाईंचेही गेले होते, पण ते आता सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी बसून, सरकून, पुन्हा बसून पिशवीभर मुळी खणली.

दोन दिवसांनी अण्णांनी खऱ्या मुळीचा पहिला घोट घेतला आणि थांबले. बाटली उजेडात धरली, गोटी खुळखुळवून बघितली.

"अजीजभाई, कायतरी भेसळ केलीय राव तुमी. ही पयल्यासारखी मुळी न्हाई."

महिनाभर ज्या तक्रारीची वाट बघितली, ती अखेर आली होती. अजीजभाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग आडतीपासून वेशीपर्यंत होणारी चर्चा डोळ्यांसमोर आली आणि दमच निघून गेला.

"प्या अण्णा," ते म्हणाले. "होईल सवय."

अण्णांनी कुरकुरत बाटली संपवली. आठवडाभरात पित्त उतरलं, ते पोहे बंद केल्यामुळं, असं त्यांनी सगळ्या बाजाराला सांगितलं. अजीजभाईंनी ऐकून घेतलं आणि दुसरी कढई घासायला घेतली.