पाळकसाहेबांची काहील

पाळकसाहेब गेले तवा दौंडच्या चर्चात सभा झाली. जो उठंल त्यो म्हणायचा, मारुतराव पाळक कशालाच घाबरत नव्हते. मी मागं बसून खाली मान घालून हसत हुतो. अरं, पाण्याला किती घाबरायचे ते मला इचारा की!

आमच्या वडगाव रासाईला भीमा आडवी. पावसाळ्यात पलीकडं जायचं तर काहीलीतनं. गूळ करायची लोखंडी काहील, तीच नाव. गोल असती, वल्हं जरा वाकडं मारलं की गरगर फिरती. ती वल्हवायचं काम माझं, सुभानचं.

पाळकसाहेब म्हैन्यातनं दोनदा दौंडकडनं सायकलीवर यायचे, आमच्याकडच्या ख्रिस्ती वस्तीवर प्रार्थना घ्यायला. काहीलीत बसले की डोळे मिटायचे, दोन्ही हातांनी कड धरायची. मंग मला राहवायचं न्हाई. मधी गेलं की द्यायचो दोन गिरक्या. घोडनदीच्या बाजारात त्यांची नक्कल करून लोकं हसवायचो. ते कवा रागावले न्हाईत. काठावर उतरून वकायचे आन् म्हणायचे, "सुभानभाई, आज एक जास्तीची झाली."

त्या साली भादव्यात वस्तीवरची अनसाबाई शेवटाला आली. पाळकसाहेबांच्या हातनं प्रभुभोजनाची भाकर घेतल्याशिवाय जीव जाईना म्हणं. तिची सून भागुबाई सकाळीच माझ्याकडं निरोप देऊन गेली. मी पलीकडं लोकं सोडली, दूधवाल्याजवळ निरोप दौंडला धाडला आन् माघारी निघणार तवर पाणी वाढलं. मी तिथंच अडकलो.

दुपारी पाळकसाहेब आले. पाणी लाल झालं हुतं, झाडं वाहत हुती. त्यांनी पाण्याकडं बघितलंच न्हाई, माझ्याकडं बघितलं. म्हणले, "तुम्ही न्याल तर येतो. न्हाई म्हणाल तर हितंच बसतो."

न्हाई म्हणायचं हुतं मला, अल्लाशप्पथ. पर ज्या माणसाला भित्रा म्हणून बाजारभर हसलो, त्याच्यापुढं मीच भ्यालो असं कसं सांगू? म्हणलं, बसा.

मधी गेलो आन् एक बाभूळ येऊन आदळली. हातातलं वल्हं गेलं. काहील फिरायला लागली, मी न फिरवता. हातानं पाणी मारून बघितलं, काय उपेग न्हाई. एका कडंनं पाणी आत यायला लागलं.

पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच. म्हणले, "सुभानभाई, आज नको. अनसाबाई वाट बघतीया."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

खरं सांगितलं तर हा माणूस भ्याच्या मारं उभा ऱ्हाणार. उभा ऱ्हायला की काहील पालथी, आन् आम्ही दोघं बी गेलो. मला कळंना काय करावं. मंग मी हसलो. मोठ्यांदा हसलो. दात वाजत हुते, घरची पोरं डोळ्यापुढं दिसत हुती, तरी हसत ऱ्हायलो. म्हणलं, "पाळकसाहेब, आज धा गिरक्या देणार. हलू नका."

ते हलले न्हाईत. कड धरून, दात आवळून बसले. माझ्यावर चिडून बसले म्हणून वाचलो आम्ही.

मैलभर खाली वडगावच्याच अंगाला करंजाच्या झाडांत काहील अडकली. मी फांदी धरली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. वल्हं नसलेल्या माझ्या हाताकडं बघितलं, काहीलीतल्या घोटाभर पाण्याकडं बघितलं. तोंड पांढरंफटक पडलं. चिखलातनं वस्तीपतुर माझा हात धरून चालले.

अनसाबाईला भाकर पोचली. तिसऱ्या दिवशी ती गेली, त्यांनीच माती दिली.

पाचव्या दिवशी पाणी वसरलं. पाळकसाहेब काठावर आले, इचारलं बी न्हाई, काहीलीत बसले, डोळे मिटले. मी नवं वल्हं घेऊन उभा, पर पाय काय आत पडंना. पाण्याकडं बघवंना.

त्यांनी डोळे न उघडताच म्हणलं, "सावकाश, सुभानभाई. मी बसलोय."