टेलरबाईंनी बेतलेली बाग

ते मैदान कुणा एकाचं नव्हतं, सगळ्यांचं होतं. त्यामुळे प्रत्येकाने त्यात आपापला कचरा अगदी हक्काने टाकला होता. फुटकी बेसिनं, स्प्रिंगा बाहेर आलेला सोफा आणि बिनचाकांची एक मोटार. मोटारीत मांजरीची बाळंतपणं होत, एवढाच काय तो जागेचा सार्वजनिक उपयोग. मग उद्यान खात्याने कळवलं, की रहिवाशांनी एकमताने आखणी करून दाखवली तर इथे बाग होईल, नाहीतर वाहनतळ. झालं! इतकी वर्षं एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं समितीत बसून एकमेकांकडे डोळे वटारू लागली.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टेलरबाईंना या बागेकडून एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याला वाजवायला जागा.

नवरा जन्मभर वरातीच्या बँडात ट्रम्पेट वाजवत आला. बँड मोडला, तसा तो घरी सराव करू लागला. वरचे काठीने जमीन ठोकत, खालचे बेल दाबून पळून जात. त्याने ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून पाहिला, तर तार सप्तकात टॉवेल सुटला तो थेट पाहुण्यांच्या चहात. शेवटी वाद्य कपाटावर गेलं आणि नवरा दुकानात बटणं लावत बसला. काही विचारलं की नुसतं "हं" म्हणे. अख्खा रस्ता दणाणून सोडणाऱ्या माणसाचं ते "हं" ऐकून बाईंची शिवण वाकडी जाई.

समितीच्या बैठकीत त्यांनी हळूच विषय काढला. "एखादा कोपरा वाजवणाऱ्यांसाठी ठेवला तर?"

"आवाज? छे छे!" कुत्रेवाल्या काकू म्हणाल्या. त्यांचे चारही कुत्रे बाहेर भुंकत असल्यामुळे त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं. हास्य क्लबने हसत हसत पाठिंबा दिला. बॅडमिंटनवाल्यांपासून प्रत्येक गटाने आपापल्या जागेत वाद्यबंदी मंजूर करून घेतली, आणि बाईंनी मनात धरलेला मागचा कोपरा अध्यक्षांनी 'शांतता विभाग' म्हणून स्वतःकडे ठेवला. अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर होते. शांततेची त्यांना सवय होती, कारण घरी त्यांना कुणी बोलू देत नसे.

पण आखणी काही जमेना. कागदावर प्रत्येकाला दुसऱ्याचा चौकोन मोठा दिसे.

"अहो, कापड समोर पसरलंय आणि कागदावर काय भांडताय?" बाई अखेर वैतागल्या. "एकेक जण मैदानात या. माप घेते."

कचरा उपसला गेला, मांजरीला सहकुटुंब स्थलांतरित केलं, आणि गळ्यात टेप, हातात रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचा डबा घेऊन बाई उतरल्या. बॅडमिंटनवाल्यांना खेळायला लावलं आणि त्यांच्याभोवती रेघ मारली. हास्य क्लबला हसवलं. जो हसता हसता सगळ्यात लांब कलंडला, तिथपर्यंत रेघ. कुत्रे सोडले आणि काकूंसकट जिथे थांबले तिथे रेघ. कुणालाच तक्रार करता येईना, माप ज्याचं त्याचं होतं. दुपारपर्यंत सगळं मैदान वाटून झालं. बाईंच्या वाट्याला तेवढं काहीच आलं नाही.

संध्याकाळी उद्यान अधिकारीबाई आल्या. फक्कीच्या रेघांकडे पाहून खूश झाल्या.

"सुंदर! आता आत कुठून जायचं?"

सगळ्यांनी आपापल्या रेघांकडे पाहिलं.

"आमच्यातून नाही," बॅडमिंटनवाले म्हणाले.

"आमच्यातून तर नाहीच. चावतात," काकू म्हणाल्या.

अख्ख्या समितीत एकालाही रस्ता सुचला नव्हता. बागेत पोचल्यावर काय करायचं ते सगळ्यांनी ठरवलं होतं, पोचायचं कसं ते राहून गेलं होतं. अधिकारीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लावणं वाहनतळासारखं वाटलं.

"अहो, मधल्या पट्ट्या आहेत ना," टेलरबाई म्हणाल्या. "दोन तुकडे काढले की मध्ये माया सोडायची असते, शिवणीपुरती. कापडाला दोन बोटं सोडते, इथे हात सैल सोडला."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच! प्रत्येक दोन जागांमध्ये दोन माणसं सहज जातील एवढी मोकळी पट्टी होती, आणि सगळ्या पट्ट्या एकमेकींना मिळाल्या होत्या. अधिकारीबाई वळणं घेत शांतता विभागापर्यंत जाऊन आल्या, कुणाच्याही रेघेला पाय न लावता.

"मंजूर! पण या पट्ट्या कुणाच्या?"

"कुणाच्याच नाहीत," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "त्या फक्त चालायला. मध्ये थांबायचं नाही, बाकी त्यांना कसलाही नियम नाही."

टेलरबाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. टेप उडवत त्या दुकानात शिरल्या. "अहो, उठा! वाजवायचंय. फक्त उभं राहायचं नाही, चालत वाजवायचं."

नवऱ्याच्या हातातलं बटण पडलं. "अगं, मी उभं राहून वाजवलंय कधी?"

वाद्य कपाटावरून उतरलं. पहिला सूर घोगरा, फाटका निघाला. दुसराही. बाईंनी डोळे मिटून घेतले. तिसरा मात्र असा सुटला, की बॅडमिंटनचं फूल हवेत असतानाच सगळ्यांनी माना वळवल्या. नवरा पट्टीत शिरला, गाल फुगवून, गुडघे उचलत. काकूंनी हरकत घ्यायला तोंड उघडलं तोवर तो पुढच्या वळणाला पोचलाही, आणि मागे कुत्रे, कुत्र्यांमागे काकू. हास्य क्लबला पहिलीच ओळ ऐकू आली. दुसरीसाठी त्यांना त्याच्या मागे जावं लागलं.

शांतता विभागाच्या कडेने जाताना तर तो ऐन रंगात होता. नेमका तिथेच रस्ता वळला.

"अहो, थांबा!" अध्यक्ष धावत सुटले. "इतकं वाजवलंत तर पुढचंही वाजवा ना!"

"थांबता येत नाही हो त्यांना," टेलरबाई ओरडल्या. "नियम तुमचाच आहे!"

अध्यक्ष धापा टाकत रांगेत लागले. नवऱ्याने ट्रम्पेट क्षणभर बाजूला करून बाईंकडे पाहिलं. "कसं वाटतंय?" असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढचा फेरा सुरू केला.