बकरमचा जामा

बुऱ्हाणपूरला लालबागच्या रस्त्यावर सुलभा शिंपी यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दिवाळीनंतर काम जरा कमी असतं, तेव्हा पूनम त्यांच्याकडे आली. पूनम नेपानगरची. वडील पेपर मिलमध्ये होते आणि आईचे ब्लाउज पहिल्यापासून सुलभाताईच शिवत आल्या. पूनम आता इंदूरला फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती.

तिनं मोबाइलवर एक जुनं चित्र दाखवलं. मोगल काळातला कुणी सरदार, अंगात पांढरा जामा. घेर गुडघ्याखाली पसरलेला, आणि कापड इतकं पातळ की आतल्या विजारीचा लाल रंग दिसत होता.

"मावशी, असाच जामा पाहिजे, पण मुलीसाठी. परीक्षेला ठेवायचा आहे. बारा दिन बचे हैं."

सुलभाताईंनी चित्र मोठं करून पाहिलं. "बाही तिरपी कापावी लागेल, उरेबमध्ये. तेव्हाच मनगटावर अशा चुण्या पडतात. काढणाऱ्यानं नीट बघून काढलंय."

पूनमनं आणलेल्या ऑर्गंझाच्या पातळ, कडक कापडाचा पहिला जामा शिवला, तर घेर छत्रीसारखा ताठ उभा राहिला. दुसरा सुती कापडाचा केला, तो अंगावर गोणपाटासारखा लोंबू लागला. पूनम वैतागली.

"पेंटरनंच झूठ काढलं असेल मावशी. असं कापड पडतच नसेल."

"बाही खरी काढली आणि घेर खोटा काढेल काय?" सुलभाताई म्हणाल्या. पण त्यांनाही पुढचं सुचत नव्हतं.

ब्लाउजचा गळा ताठ राहावा म्हणून आत घालायचं बकरम त्या आधी भिजवून घेत, म्हणजे नंतर आटत नाही. दुसऱ्या दिवशी एक तुकडा सकाळपासून बादलीतच राहून गेला. दुपारी काढला तेव्हा त्याची सगळी खळ पाण्यात उतरली होती. त्यांनी तो पिळून दोरीवर टाकला, आणि वाळल्यावर हातावर घेतला. खालच्या बांगड्या स्पष्ट दिसत होत्या. कापड मनगटावरून सरळ खाली ओघळलं होतं. त्यांनी लगेच फोन करून पूनमला बोलावून घेतलं.

"हे तर बकरम आहे," पूनम तुकडा चाचपत म्हणाली. "कॉलरच्या आतलं. मॅडम लोक हसतील."

"हसू दे. आधी घेर बघ."

मागच्या गल्लीत भाईदासचे पॉवरलूम बकरमच विणतात. बिनखळीचं कापड पाहिजे म्हटल्यावर तो गोंधळला. "खळ लावल्याशिवाय ते कोण घेतं ताई?" पण चित्र पाहून त्यानं मागावरचं कोरं कापड उतरवून दिलं.

मग दुसरी अडचण आली. वीण इतकी विरळ की शिवणीपाशी धागे सरकत होते. सुलभाताईंनी चित्र पुन्हा मोठं केलं. घेराच्या तिकोनी पट्ट्यांच्या, म्हणजे कळ्यांच्या, सांध्यावर बारीक सोनेरी रेघ होती.

"ती डिझाइन आहे मावशी," पूनम म्हणाली.

"असेल. पण मला वाटतं आत फीत लावली असणार, सांधा धरून ठेवायला. आपणही लावू."

पूनमला फीत दिसायला नको होती. तिनं दोन सांधे तसेच शिवून पाहिले; ओढून बघताच दोन्ही सुटले. त्यानंतर ती वाद घालत बसली नाही. स्वतः बाजारात जाऊन तिनं पिवळी सुती फीत आणली आणि चोवीस कळ्यांना दोघींनी मिळून हातानं टाचली.

परीक्षेच्या दिवशी सुलभाताई बसनं इंदूरला गेल्या. जामा घातलेली मुलगी चालत आली तेव्हा घेर तिच्या पावलामागून येत होता, आणि थांबल्यावर हळूच खाली बसला. सुलभाताईंनी पदर तोंडाशी धरला. डाव्या बाहीला एक चुणी कमी पडली होती, तेही त्यांना दिसलं.

"कोणती मलमल आहे?" एका परीक्षकांनी विचारलं.

पूनम म्हणाली, "मलमल नाही सर. बकरम आहे, बुऱ्हाणपूरचं. या मावशींनी ओळखलं."

मागं कुणीतरी हसलं. परीक्षकांसोबतच्या बाई मात्र पुढे आल्या, कापड बोटांत घेऊन बराच वेळ बघत राहिल्या, आणि भाईदासचा नंबर लिहून घेतला. पूनमचा दुसरा नंबर आला. पहिला न आल्याचं तिला थोडं वाईट वाटलं, पण जेवताना ती ते विसरली.

परतीच्या बसमध्ये बसण्याआधी सुलभाताईंनी तिला विचारलं, "त्या काळच्या बायकांची चित्रं पण असतील ना? दोन-चार पाठव मला. त्यांच्या चोळीची बाही कशी बसवली असेल, ते बघायचं आहे."