समोरच्यांचा दर

तिशी ओलांडली तरी घरात तिला सगळे बारकीच म्हणत. जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून ती घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम करू लागली होती. वेबसाइट, लोगो, खोक्यांवरची चित्रं, जे येईल ते. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पंचाईत व्हायची ती पैशाचं बोलताना. वाजवी दर कसा काढायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. कामाचे तास, सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, आजारपण, गिऱ्हाईक हमखास सांगणार ते बदल, असं सगळं धरून तिने एक आकडा बसवला होता. आरशासमोर तो तिच्या तोंडून खणखणीत निघायचा. फोनवर मात्र पलीकडून नुसतं "हं" आलं, तरी ती घाईघाईने त्यातला काही भाग कमी करायची आणि समोरचा काही बोलायच्या आत उरलेल्यातही सूट देऊन मोकळी व्हायची.

नातेवाइकांच्या बाबतीत तर आकड्यापर्यंत गाडी पोचतच नसे. मामांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. त्यांची वेबसाइट तिने फुकट करून दिली. फुकट असल्यामुळे मामांनी तिच्यात मनसोक्त लक्ष घातलं. तिने पहिल्या दिवशी दाखवलेलं पान अगदी साधं होतं: पांढरी चादर, चुरगळलेली उशी, कोपऱ्यात दुकानाचं नाव. मामा म्हणाले, छान आहे, पण रिकामं रिकामं वाटतं. मग नाव मोठं झालं. मग लाल झालं. मामींनी झोपलेलं मांजर सुचवलं, ते आलं. मामांच्या व्याह्यांना ढग हवे होते, तेही आले. शेवटी मामांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो उशीच्या बरोबर मधोमध बसला, आणि काम पसंत पडलं. बारकीने त्या पानाखाली आपलं नाव घालायचं मुद्दाम टाळलं, पण मामांनी हट्टाने घालायला लावलं.

त्यावरूनच समोरच्यांनी तिला शोधून काढलं. समोरचे म्हणजे मामांच्या दुकानासमोरचे, तेही गाद्यावाले. दोघे एकमेकांना पाण्यात पाहत. मामांच्या तोंडी त्यांचं नाव कधी येत नसे. 'समोरच्यांनी' म्हटलं की घरातले काय ते समजत. एक दिवस समोरच्यांचा फोन आला, त्यांनाही वेबसाइट हवी होती. हे काम घेतलं तर मामा आयुष्यभर तोंड पाहणार नाहीत. तोंडावर नाही म्हणणं तर तिला जन्मात जमलं नव्हतं. तेव्हा त्यांनी आपणहून पळ काढावा म्हणून तिने वाजवी दराच्या तिप्पट आकडा सांगितला.

पलीकडून नुसतं "हं" आलं. सवयीने सूट तिच्या ओठांवर आलीच होती, तेवढ्यात समोरचे म्हणाले, "ठीक आहे. सुरू कधी करता?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. शब्द गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी निम्मे पैसेही आले. तिने काम मन लावून केलं. पहिलं पान दाखवायला गेली तेव्हा बदलांची वाट पाहत ती वही उघडून बसली. समोरच्यांनी पान बराच वेळ पाहिलं. हे लाल केलं तर, असं विचारायला तोंडही उघडलं, पण मग त्यांना बहुधा बिलाची आठवण झाली. "तुम्ही केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार," म्हणाले, आणि विषय संपला.

आठवडाभरातच मामा तिच्या खोलीत येऊन उभे राहिले. चेहरा असा, की तिने आधी त्यांना पाणी दिलं. त्यांच्या शत्रूचं काम केल्याबद्दल बोलणी खायची तिने तयारी ठेवली होती. मामांचं दुःख मात्र निराळंच निघालं. समोरचे अख्ख्या बाजारात सांगत सुटले होते, की आपण एवढे एवढे पैसे मोजून वेबसाइट केली. आणि ती दिसतही तशीच होती.

"माझ्या वेळी हात का आखडता घेतलास?" मामांनी विचारलं. आवाज खरोखर दुखावलेला होता.

तिने त्यांचं पहिल्या दिवशीचं पान उघडून दाखवलं. चादर, उशी, नाव. मामांनी पान खालीवर सरकवून पाहिलं. असं काही तिने दाखवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते म्हणाले, हेच लाव, आणि समोरच्यांनी दिले त्याहून थोडे जास्त घे.

बारकीला भलताच पेच पडला. तो आकडा वाजवी नाही, लोकांना पळवून लावायचा आहे, हे तिने प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. खरा दर याच्या एक तृतीयांश आहे, आणि मामांकडून तर तोही नको. मामांनी ऐकून घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती पैशाच्या बाबतीत हटून बसली होती, आणि तेही दर खाली आणण्यासाठी. शेवटी हरली. मामांनी पैसे दिले आणि त्यानंतर पानातला स्वल्पविरामही हलवू दिला नाही. मामींनी मांजराची चौकशी केली तेव्हा त्यांनाच दटावलं, की एवढे पैसे काय मांजरासाठी मोजलेत?

बारकीचं मन मात्र तिला खात होतं. निदान पुढच्यांशी तरी सरळ वागायचं ठरवून तिने आपल्या वेबसाइटवर दर जाहीर केले, तेच जुने, हिशेबाने बसवलेले.

संध्याकाळी मामांचा फोन आला. ते पान आधी काढ, म्हणाले, बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. फोन ठेवते तोच समोरच्यांचा. शब्द जरा वेगळे, मागणी तीच. मग दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मामा रस्ता ओलांडून समोर गेले. दोघांनी दुकानात बसून चहा घेतला आणि तिथूनच एका फोनवरून तिला समजावलं. आळीपाळीने बोलले, एकमेकांची वाक्यं पुरी करत.

"हे तर म्हणतात तुझं नुकसान होतंय," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडी समोरच्यांसाठी 'हे' आलेलं बारकीने पहिल्यांदाच ऐकलं.

तिने दर तिप्पट करून टाकले. पुढचा महिना फोन कमी आले. जे आले त्यांनी मात्र तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि कुणी लाल रंगाचा विषय काढला नाही. चुलत-मावस भावंडांची फुकटची कामं आपोआप थांबली. मामा लग्नाकार्यात भेटेल त्याला सांगत, की आमची भाची फार महाग आहे हो, मला सख्ख्या मामालासुद्धा सोडलं नाही. सांगताना त्यांची छाती फुगलेली असे. बारकी शेजारी उभी राहून मान खाली घाली, आणि तो आकडा अजूनही तिला थोडा जास्तच वाटे.