आधी सॉरी म्हणायचं

घाटकोपरच्या क्लासात कामतसर ऑफिसच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेची तयारी करून घेत होते. परीक्षक फोनवरचं चिडलेलं गिऱ्हाईक होणार. तो काहीही बरळला तरी आधी 'सॉरी सर' म्हणायचं.

"चूक नसताना का म्हणू?" मालनने विचारलं.

"नापास होशील."

"झाले तर झाले."

चाळीच्या नळावर उगाच नमतं घेतलं की आपला हंडा मागे सरकतो, हे ती लहानपणीच शिकली होती.

परीक्षेत परीक्षक फोनवरून इंग्रजीत गरजला, "माझा माल कुठाय?"

"आधी सांगा, ऑर्डर कधी दिलीत?" मालननेही इंग्रजीतच ठणकावलं.

त्याने तारीख ठरवलीच नव्हती. "सॉरी," तो पुटपुटला.

"हां," मालन रिसीव्हर सावरत म्हणाली, "आता बोला."