बारा आणे चित्राला

धाकटीचा निरोप आला तेव्हा आक्का भाजी निवडत होत्या. 'शनिवारी चार वाजता बसू. या खेपेला पूर येणार. तू मध्येच गायब झालीस तर शहर बुडेल. जमत नसेल तर सांग, शेजारीण तयार आहे.'

आक्कांनी निरोप चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. शेजारीण! दीड वर्ष खपून दोघी बहिणींनी कॉम्प्युटरवर ते शहर वसवलं होतं. अकरा हजार वस्ती, तीन पूल, दोन पिठाच्या गिरण्या. आणि त्या शहराबाहेर दोघींमध्ये काही उरलंच नव्हतं. आईच्या घराच्या वाटणीवरून बिनसल्याला अकरा वर्षं झाली होती. फोन बंद, येणं-जाणं बंद. भाचीने खटपट करून दोघींना एका खेळात आणलं, तेव्हापासून 'धान्य संपत आलंय', 'पूल कुठे घालू' एवढं टाइप करण्यापुरतं सख्य झालं होतं. तेही आता शेजारणीच्या पदरात जाणार होतं.

दोष यंत्राचा होता. मुलाने टाकून दिलेला तो कॉम्प्युटर शहर वाढलं तसा धापा टाकायला लागला. दर वेळी आक्का लिहायच्या, 'नेट गेलं होतं.' नेट बिचारं ठणठणीत होतं, पण त्याला तोंड नव्हतं.

तेव्हा नवीन यंत्र घ्यायचं ठरलं. पैसे बेताचेच होते, पण खरेदी म्हणजे आक्कांच्या हातचा मळ. एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात खरेदी सांभाळली होती. शाईवाले, कागदवाले त्यांना पाहून दर आपणहून उतरवत, असं निदान त्या सांगत. मालकांनी पहिल्याच आठवड्यात एक धडा दिला होता : "बाई, नजर पडते तिथे पैसा टाका." म्हणून वह्यांच्या कव्हरला गुळगुळीत जाड कागद आणि आत शाई लागली की पलीकडून दिसेल असा. वह्या धडाधड खपत. त्या वह्यांवर लिहिणाऱ्या पोरांचे काय हाल झाले, ते छापखान्याला कुणी कळवलं नाही.

कॉम्प्युटरच्या दुकानात जुळणी करणारी बाई होती, तिशीतली, कानामागे स्क्रू-ड्रायव्हर खोचलेली. तिने खेळाचं नाव विचारलं आणि कागदावर दोन किमती लिहिल्या.

"काकू, तुमच्या खेळाला प्रोसेसर चांगला हवा. ग्राफिक्स कार्ड मधलं चालेल."

"उलट कर," आक्का म्हणाल्या. "रुपयातले बारा आणे कार्डाला. उरलेल्यात बाकीचं बसव."

"अहो, कार्ड चित्र काढतं. पण तुमच्या अकरा हजार माणसांनी कुठे जायचं, काय खायचं, कामावर कधी निघायचं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. तो दमला की सगळं थांबलंच."

"ठरवू दे की सावकाश. चित्र अडकतं ना? मग चित्राला पैसे घालायचे. मी खरेदीतच केस पिकवलेत गं."

"ते दिसतंच आहे," ती बाई म्हणाली. आक्कांना ते कौतुक वाटलं. निघताना स्पीकरच्या किमतीत घासाघीसही केली. मोठं भोक पाडून लहान बुजवल्याचं समाधान काही औरच असतं.

गुरुवारी यंत्र घरी आलं. कार्डाचा डबाच एवढा देखणा की आक्कांनी तो कपाटावर दर्शनी ठेवला. शुक्रवारी त्यांनी एकटीनेच शहर उघडून पाहिलं. नदीवर ऊन चमकत होतं. मेंढीच्या अंगावरची लोकर मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. गिरणीच्या दारातल्या माणसाची मिशीसुद्धा दिसत होती. त्याचा एक पाय हवेत होता. आक्का वाट पाहत राहिल्या. पाय हवेतच. आक्का पाणी पिऊन आल्या, तेव्हा कुठे तो टेकला आणि दुसरा वर गेला.

त्यांनी चित्राची प्रत कमी केली. मिशी गेली, लोकर गेली, नदीचं डबकं झालं. पाय आपला हवेतच. चित्र हलकं करूनही चाल सुधारत नाही, तर अडचण चित्रात नव्हती. गुळगुळीत कव्हर आणि आत पातळ कागद! एकतीस वर्षं दुसऱ्यांना विकलेली वही आज त्यांनी स्वतःच विकत घेतली होती, तीही घासाघीस करून.

शनिवारी सकाळी दुकान उघडताच त्या दारात हजर. बाईने यंत्र लावलं, पडद्याच्या कोपऱ्यात कामाच्या ताणाचे दोन आकडे आणले. प्रोसेसर शंभर टक्के, कार्ड अठरा.

"बघा. हा बैलासारखा राबतोय आणि ही महाराणी नखं रंगवत बसलीय."

"माझ्यासारखीच दिसते," आक्का म्हणाल्या. "बोल आता, काय करायचं?"

"सात दिवसांत कार्ड परत घेतो आम्ही. मधलं कार्ड देते, उरलेल्यात वरचा प्रोसेसर बसतो. मदरबोर्ड आहे तोच चालेल. पण प्रोसेसर मंगळवारी येईल."

"आणि आज चार वाजता?"

"आज चार वाजता काही नाही, काकू."

घरी येऊन आक्कांनी 'नेट गेलं' असं टाइप केलं. पुसलं. पाहुणे आलेत, टाइप केलं. तेही पुसलं. खोटं बोलावं तर शेजारीण येणार, खरं लिहावं तर बोटं वळेनात. शेवटी पावणेचारला त्यांनी अकरा वर्षांत न लावलेला नंबर लावला. तो पाठच होता.

"कोण?" धाकटीचा आवाज जाड झाला होता.

"मी. यंत्र नाही चालणार आज. नेटचं काही नाही, नेट कधीच गेलं नव्हतं. नवीन घेतलं, त्यातही सगळे पैसे चित्रात घातले. दुकानवाली सांगत होती, मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का?"

"थांब, स्पीकरवर टाकते. परत म्हण. घरातल्या कुणाचा विश्वास बसायचा नाही."

"फाजीलपणा करू नकोस."

"म्हण ना गं आक्का. मागच्या खेपेचं राहिलंय, ते पण त्यातच धरीन."

मागची खेप म्हणजे आईच्या घराची वाटणी, हे विचारायची गरज नव्हती. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्याने. पलीकडे दोन-तीन माणसं हसली आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मंगळवारपर्यंत पूर थांबवून ठेवते," धाकटी म्हणाली. "शेजारणीला सांगते तसं. पण ती तुझी खालची गिरणी नदीच्या फार जवळ आहे, मी हलवणार."

ती गिरणी जागच्या जागी योग्य होती, याची चौदा कारणं आक्कांच्या ओठांवर आली.

"हलव," त्या म्हणाल्या. "कुठे ठेवतेस, ते सांग तरी."

चार वाजून गेले, साडेचार झाले, तरी धाकटी सांगतच होती.