म्हातारी माहेरी गेली

"अक्का, तू फक्त चहाचा ट्रे घेऊन आत यायचं आन् म्हणायचं, राजू, बस कर आता गेम. एवढंच हाय तुझं."

माझा धाकटा भाऊ राजशेखर हे मला आमच्याच निलंग्याच्या घरात, मधल्या खोलीत उभा राहून शिकवत होता. खोलीत दोन मोठे दिवे लावलेले, तिपाईवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे त्याची बायको शिवानी. टीव्हीसुद्धा पुण्याहून गाडीत घालून आणला होता.

"मी कधी म्हणले असं?" मी विचारलं.

"कोणतरी म्हणलंच असंल की. लोकांना तसं बघायला आवडतंय."

लोकांना काय आवडतं ते राजूला चांगलं कळतं. त्याचं चॅनल लाखो लोक बघतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे जपानी गेम, एखादा राजपुत्र, त्याचे चार साथीदार, लांबलचक प्रवास, वाटेत राक्षस, असले. हेच जुने गेम आता नवे रंग, नवे आवाज चढवून पुन्हा विकायला येतात. राजू जुना खेळतो, नवा खेळतो आणि नव्याने कुठे सुधारणा केली, कुठे वाट लावली ते मराठीत सांगतो. मीही कौतुकाने बघायचे. लातूरला एका डाळमिलच्या वजनकाट्यावर माझी नोकरी. एक ट्रक गेला आणि दुसरा यायचा असला की मोबाइल उघडायचा आणि भावाला बघायचं.

मग त्याने आमचा गेम काढला, आणि माझं डोकं फिरलं.

तो गेम मामाने हैदराबादहून आणला होता, राजूच्या लिंगदीक्षेच्या कार्यक्रमाला, जुन्या बाजारातल्या प्लेस्टेशनबरोबर. सगळा जपानीत. मामाला ते ठाऊक नव्हतं आणि आम्हाला त्याचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. आम्ही त्याला म्हातारीचा गेम म्हणायचो, कारण राजपुत्राबरोबर एक वाकलेली, पांढऱ्या केसांची म्हातारी चालायची आणि कोणाला लागलं की काठी आपटून बरं करायची. राजू तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांचा. राक्षस आला की कंट्रोलर माझ्या मांडीत टाकून माझ्या पाठीमागे लपायचा. मी बारावीला होते. कोणतं अक्षर म्हणजे मार, कोणतं म्हणजे मंतर आणि कोणतं म्हणजे पळ, हे मी मरून मरून शिकले. लाइट जायच्या आत गेम सेव्ह करायचं भानही मलाच ठेवावं लागायचं, नाहीतर दिवसभराची मेहनत पाण्यात.

आणि गोष्ट? गोष्ट कोणाला कळत होती? पडद्यावर जपानी अक्षरं यायची आणि राजू विचारायचा, "काय म्हणून राहिलाय तो?" मग मी सांगायचे. सगळ्यांची बोलणी मी केली, आवाज काढून, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडात. दुष्ट सरदाराला मी आमच्या अडतवाल्या थोरल्या काकांचा आवाज दिला होता. तो राजपुत्राला दरडावायचा, "माल आणलास का रे?" अर्ध्या वाटेत म्हातारी मेली तेव्हा राजू जेवेना. मी म्हणाले, "मेली कुठं, ती माहेरी गेली. बिदरला." तो डोळे पुसून जेवला.

आता हे सगळं राजूचं झालं होतं. "लहानपणी मला जपानी कळायचं न्हाई, म्हणून मी माझेच डायलॉग बनवले," असं तो चॅनलवर हसत हसत सांगत होता. "माल आणलास का रे" म्हणत त्याचा प्रत्येक व्हिडिओ सुरू होत होता. "म्हातारी माहेरी गेली" हे तर त्याने टी-शर्टवर छापून विकायला काढलं. आणि अक्का? अक्का गोष्टीत एकदाच आली होती. चहा घेऊन.

मी त्याला फोन केला नाही. म्हटलं, समोरासमोर विचारीन. तर तोच म्हणाला, म्हातारीचा गेम नवा होऊन आलाय, आपल्या घरात शूटिंग करू, रविवारी ये. आमच्या आईचा, अव्वाचाही फोन आला. "भावासाठी एवढं बी करशील न्हाई का?" म्हणून मी आले होते.

ट्रे घेऊन मी आत गेले नाही. राजूने तो विषय सोडला आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "मित्रांनो, आज आपली अक्का आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळणार हाय." आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला.

आयुष्यात पहिल्यांदा. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. मी खेळायला बसले, कारण खोटं कशाला बोलू, मला म्हातारीला बघायचं होतं.

ती आली. तिच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या. वाऱ्याने केस हलत होते. इंग्रजीत बोलत होती, आवाज घोगरा, माझ्या म्हातारीचा नव्हता, पण चालायची ढब तीच. मला भरून आलं. तेवढ्यात लढाई लागली आणि मी नेहमीसारखी विचार करायला थांबले, तर राक्षसाने मला आडवं केलं. पुन्हा उठले, पुन्हा आडवी. शिवानी तोंडावर हात धरून हसत होती. "अक्का, विचार नको करूस, दाबत राहा," राजू म्हणाला.

"जगू, बघ गं, फोडणी करपायली," अव्वाने आतून हाक मारली. तिचे हात पिठात होते. मी कंट्रोलर खाली ठेवला, आत गेले, गॅस बारीक केला, वरणाला फोडणी दिली आणि परत आले. पडद्यावर राजपुत्र, म्हातारी, सगळेच मरून पडले होते.

"हे राक्षस थांबले कामून न्हाईत?" मी विचारलं.

"आता तसं नसतंय, अक्का. जुन्यात पाळीपाळीनं मारायचं होतं. ते लई बोअर होतं. नवीनमध्ये सगळं फास्ट."

बोअर. मी कॉलेजातून आले की या घरात भाकऱ्या होत्या, भांडी होती, दुकानावर चहा पाठवायचा होता, पाहुणे होते. अभ्यासाला बसले तर हाक, जेवायला बसले तर हाक. फक्त तो राक्षस तलवार उपसून समोर उभा राहायचा आणि मी बटण दाबेपर्यंत हलायचा नाही. भाकरी तव्यावर टाकून यायचे, एक वार करायचे, जाऊन भाकरी उलटायचे. त्या घरात माझ्यासाठी थांबणारा तो एकटा होता. त्याला हा बोअर म्हणत होता, ज्याने घरातला पाण्याचा तांब्या कधी उचलला नाही.

"कॅमेरा चालू हाय का?" मी शिवानीला विचारलं. तिने मान हलवली. "असू दे चालू. राजू, तो गेम कोण खेळत होतं?"

"अक्का, काय काढून बसलीस..."

"कोण खेळत होतं? राक्षस आला की कोण लपत होतं? म्हातारीला माहेरी कोण धाडलं?"

तो शिवानीकडे बघून हसायला गेला, पण ती हसली नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ठाऊक हाय मला. पण तसं सांगितलं तर गोष्ट बसत न्हाई. लोकांना एकच माणूस लागतो. आन् तुझं नाव घेतलं असतं, तर तुझ्या सासरी, भाऊजींना चाललं असतं का?"

"भाऊजींना इचारलं होतंस? मला इचारलं होतंस?"

ठाऊक हाय म्हणे. म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. विसरला असता तर मी माफ केलं असतं. माणूस विसरतो. याने आठवून, ठरवून मला ट्रे दिला होता.

"अक्का," शिवानी मध्येच म्हणाली, बिचारी सारवासारव करायला, "हे गाडीत सांगत होते, शेवटचा डायलॉग फक्त तुम्हालाच माहितीये. त्याच्यासाठीच तर आलोय आपण."

मला उलगडा झाला. गेमचा शेवट मी एका दुपारी एकटीने बघितला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, राजू माझ्या शेजारी झोपला होता. राजपुत्र सगळं जिंकून त्याच्या जळालेल्या गावात परत येतो, पायरीवर बसतो आणि काहीतरी बोलतो. काय बोलतो ते मी मोठ्याने म्हणाले होते, सवयीने. राजू उठल्यावर मागे लागला. मी म्हणाले, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे आले, आणि मग ते राहूनच गेलं. एवढी वर्षं त्याने ते लक्षात ठेवलं होतं.

"सांगते," मी म्हणाले. "आधी तू सांग. कॅमेऱ्यात बघून. गेम कोण खेळलं, बोलणी कोणाची."

राजूने केसांवरून हात फिरवला, दिव्यासमोर बसला, घसा साफ केला. मी खरंच आशेने बघत होते. त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं मी.

"तर मित्रांनो," तो म्हणाला, "आज एक गुपित सांगतो. हे डायलॉग बनवताना माझ्या अक्कानं बी मला थोडी मदत केली होती."

थोडी मदत. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तो "अक्का, अक्का" करत राहिला.

आत अव्वा भाकरी थापत होती. मी तिच्यावरच उखडले. "तू बोलावलंस मला. त्याची हमाली करायला बोलावलंस. तुला तर काही ठाऊकच न्हाई."

"मला समदं ठाऊक हाय," अव्वा म्हणाली. "या भिंतीआडून रोज आयकत होते की तुझं."

"मग बोलली कामून न्हाईस? लोक त्याला डोक्यावर घेऊन राहिलेत, आन् तू गप?"

"पोराचं बरं चालू हाय म्हणून गप बसले." तिने भाकरी तव्यावर टाकली. "चुकलं माझं."

अव्वा चुकलं म्हणाली हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. तरी माझा राग जाईना. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे गप होते. मी ओट्याला टेकून उभी राहिले, रडायचं नाही असं ठरवून.

"म्हातारीला बिदरला धाडलीस त्या दिवशी लई बरं वाटलं होतं," अव्वा भाकरीकडे बघत म्हणाली. "माझं माहेर ते. मला कुठं जायला मिळत होतं. म्हटलं, ती तरी पोचली." मग म्हणाली, "शेवटचं तेवढं माझं राहिलं. त्या दिवशी मी उदगीरला लग्नाला गेले होते. काय म्हणतो गं तो पोरगा, पायरीवर बसून?"

मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि सांगितलं. कन्नडात, हळू आवाजात, राजपुत्राच्या आवाजात, जसं त्या दुपारी म्हणाले होते तसंच. काय म्हणाले ते इथे लिहिणार नाही. लिहिलं की राजूच्या हाती लागेल.

अव्वाचा पिठाचा हात परातीत तसाच राहिला. डोळे भरले तिचे. तव्यावरची भाकरी मी उलटली.

दारात राजू येऊन उभा होता. "अव्वा, काय म्हणाली ती? काय सांगितलं तुला?"

अव्वाने पदराने डोळे पुसले आणि पुढचा गोळा हातात घेतला.

"काही न्हाई," ती म्हणाली. "जा, हात धुऊन घे. जेवायला वाढते."